आय-२० वरचे सहा आकडे

मंचरच्या एका बँकेत कर्ज विभागात माझी बरीच नोकरी गेली. निवृत्त झालो तरी जुन्नर-आंबेगावातली माणसं फाईल घेऊन घरी येतातच. पूर्वी त्या फायली ट्रॅक्टरच्या, ठिबकच्या, शेततळ्याच्या असायच्या. आता परदेशी शिक्षणाच्या फायली वाढल्या आहेत आणि त्यातही फायनान्सच्या. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला. त्या हंगामात ज्यांच्या घरी पैसा आला, त्यातल्या काहींनी गाडी घ्यायचं लांबवलं आणि मुलीचं अमेरिकेचं बघितलं. अशा घरांबद्दल मला फार आदर आहे. हा लेख त्यांच्यासाठीच.

तारणाचं आधी सांगतो, कारण आमच्या भागात पहिली दमछाक तिथं होते. निवडक नामांकित विद्यापीठं सोडली, तर साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. आठ एकर बागायत असलेला माणूस सात-बारा पुढे करतो आणि बँक तो परत करते. त्याला वाईट वाटतं. पण २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज थकलं तर त्या कायद्याखाली बँकेला ती ताब्यात घेऊन विकता येत नाही. म्हणून बँकेला एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट हवा असतो, नाहीतर कागद स्वच्छ असलेला फ्लॅट. डिंभे धरणात गाव गेलेल्यांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी बहुधा भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या, त्यांची अडचण आणखी वेगळी. पश्चिमेकडच्या आदिवासी खातेदारांच्या जमिनीवर हस्तांतराचे निर्बंध आहेत. शेवटी कुणाच्या तरी मेव्हण्याचा भोसरीतला फ्लॅट तारण पडतो. म्हणजे मुलगी विमानात बसते तेव्हा तिच्यामागे दोन घरं अडकलेली असतात.

एवढ्या खटपटीत लोक फी विचारतात, व्याजदर विचारतात, विद्यापीठाचा नंबर कितवा ते विचारतात. शिक्षण चालू असताना आणि संपल्यावर मुलीला तिथं किती महिने काम करता येणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी विचारायचा प्रश्न हाच.

फायनान्समध्ये तो जास्त महत्त्वाचा का, ते सांगतो. अमेरिकेतल्या मोठ्या बँका आणि गुंतवणूक कंपन्या उन्हाळ्यात साधारण दहा आठवड्यांची इंटर्नशिप देतात आणि पुढे कायम घ्यायची माणसं बहुतांशी त्यातूनच निवडतात. आपल्याकडे सीएची आर्टिकलशिप करताना ऑफिसला मुलाची पारख होते, तशीच ही पारख. ती संधी हुकली की नुसत्या पदवीवर आत शिरणं अवघड. म्हणून तो एक उन्हाळा मुलीच्या हाताशी असला पाहिजे आणि त्या उन्हाळ्यात काम करायची कायदेशीर परवानगीही असली पाहिजे.

विद्यार्थ्यांचा व्हिसा एफ-१. त्यावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. आवाराबाहेर काम करायचं तर वेगळी परवानगी लागते. शिकत असताना मिळते ती सीपीटी. ती विद्यापीठातला नेमलेला अधिकारी देतो, मुलं त्याला डीएसओ म्हणतात. पण इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असावी लागते आणि त्याआधी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकलेलं असावं लागतं.

हा एक वर्षाचा नियम कॅलेंडरवर मांडून बघा. ऑगस्टमध्ये गेलेल्या मुलाची दोन सत्रं मे महिन्यात पुरी होतात आणि जूनची इंटर्नशिप त्याला करता येते. जानेवारीत गेलेल्याचं जूनपर्यंत एकच सत्र होतं, त्यामुळे त्याचा पहिला उन्हाळा सहसा रिकामा जातो. ‘ऑगस्ट हुकला तर जानेवारी घ्या, सहा महिने वाया कशाला?’ असा सल्ला आमच्याकडे सर्रास दिला जातो. फायनान्सच्या मुलासाठी तो महागात पडू शकतो. नऊ-दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचंही तसंच. फी वाचते, पण मधे उन्हाळाच येत नाही.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेली. पुण्यात बी.कॉम., मग ऑडिटच्या ऑफिसात दोन वर्षं काम आणि मग तिकडे एका सरकारी विद्यापीठात सोळा महिन्यांचा एम.एस. फायनान्स. सप्टेंबरमध्येच कंपन्यांचा मेळावा भरला. घरात अजून गादी आली नव्हती आणि पोरगी बायोडाटा घेऊन रांगेत उभी होती. ‘काका, इथं पुढच्या उन्हाळ्याची भरती आत्ताच चालू आहे,’ असं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात घाई होती. पदवीच्या मुलांसाठी तर मोठ्या बँकांची भरती वर्षभराहूनही आधी सुरू होते.

प्रत्येक अर्जात दोन प्रश्न असायचे. अमेरिकेत काम करायची कायदेशीर परवानगी आहे का? आणि आता किंवा पुढे कधी व्हिसासाठी कंपनीची स्पॉन्सरशिप लागेल का? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की बऱ्याच ठिकाणी अर्ज तिथंच थांबतो. हा अन्याय वाटतो, मलाही वाटला. पण एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला स्पॉन्सर न करण्याची मोकळीक तिथला कायदा कंपनीला देतो. काही जण मुलांना ‘नाही’ लिहायला सांगतात. तसं कधीही लिहू नये. खोटं उघडं पडलं तर हातातली नोकरी जाते आणि पुढच्या अर्जांवरही डाग राहतो. पुतणीनं प्रत्येक ठिकाणी खरं लिहिलं. बँकांकडून नकार आले. शेवटी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या ट्रेझरी विभागात, म्हणजे कंपनीची रोजची रोकड आणि परकीय चलन सांभाळणाऱ्या खात्यात, तिला जागा मिळाली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. फायनान्सचं काम फक्त न्यूयॉर्कच्या बँकांत नसतं. कारखान्यांना, दवाखान्यांना, विमा कंपन्यांनाही ती माणसं लागतात.

मग सीपीटीचे कागद. कंपनीच्या पत्रात कामाचं स्वरूप, पत्ता, तारखा, आठवड्याचे तास सगळं हवं. इंटर्नशिप क्रेडिटला जोडायची म्हणून उन्हाळ्याची फी वेगळी भरावी लागली. हा खर्च आमच्या अंदाजपत्रकात नव्हता, तुमच्या असू द्या. परवानगी त्या एका कंपनीपुरती आणि त्या तारखांपुरतीच असते. कंपनीनं आदल्या आठवड्यात ऑनलाइन प्रशिक्षणाला बसायला सांगितलं, तर तिनं डीएसओला विचारलं आणि बसली नाही. शाबास तिची. एक दिवस आधी काम सुरू केलं तरी तो नियमभंग ठरतो. बिनपगारी काम आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा जास्त झाली की शिक्षणानंतरची परवानगी हातची जाते, दहा आठवड्यांनी काही बिघडत नाही. काही एजंट ‘पहिल्या दिवसापासून सीपीटी’ देणारी कॉलेजं सुचवतात. पुढच्या व्हिसाच्या अर्जावेळी त्यावर प्रश्न निघतात, तेव्हा एजंटचा फोन लागत नाही.

आता ते सहा आकडे. प्रवेश पक्का झाला की विद्यापीठ आय-२० नावाचा कागद पाठवतं. त्यावर विषयाच्या नावापुढे सहा आकड्यांचा एक कोड असतो. पदवी संपल्यावर ओपीटी नावाची बारा महिन्यांची कामाची परवानगी मिळते, आणि तो कोड अमेरिकी सरकारच्या स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या, यादीत असेल तर आणखी चोवीस महिने मिळू शकतात. एकूण तीन वर्षं. साधा फायनान्स, कोड ५२.०८०१, या यादीत नाही. फायनान्शियल मॅथेमॅटिक्स, २७.०३०५, आहे. फायनान्शियल अॅनालिटिक्स, ३०.७१०४, जानेवारी २०२२ मध्ये जे बावीस विषय वाढवले त्यात आलं. दोन विद्यापीठांत पदवीचं नाव एम.एस. फायनान्सच असू शकतं, विषयही बरेचसे तेच, आणि तरी एका विद्यापीठाचा कोड यादीत बसतो, दुसऱ्याचा बसत नाही. वाढीव मुदतीसाठी कंपनीही ई-व्हेरिफाय या सरकारी नोंदणीत असावी लागते आणि प्रशिक्षणाचा लेखी आराखडा द्यावा लागतो.

पुतणीच्या आय-२० वर ५२.०८०१ होता. डिसेंबर २०२३ मध्ये पदवी झाली. ओपीटीचा अर्ज पदवीच्या आधी नव्वद दिवसांपासून नंतर साठ दिवसांपर्यंत करता येतो. आमच्याकडे ऊस कितीही उभा असला तरी कारखान्यात नोंद वेळेवर नसेल तर तोड वेळेवर येत नाही, तसंच इथं. परवानगीचं कार्ड हातात येईपर्यंत कामावर जाता येत नाही, म्हणून अर्ज पहिल्या दिवसांतच करावा. पहिल्या बारा महिन्यांत मिळून नव्वद दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. जानेवारीत ती कामावर लागली, त्याच कंपनीत.

पुढची पायरी एच-१बी, म्हणजे कंपनीनं स्पॉन्सर करायचा नोकरीचा व्हिसा. वर्षाचा कोटा ८५ हजार, त्यातले २० हजार अमेरिकेत मास्टर्स झालेल्यांसाठी. मार्च २०२४ च्या सोडतीसाठी सुमारे ४ लाख ७० हजार पात्र नोंदण्या होत्या, पुढची फेरी धरून निवडल्या गेल्या एकूण १ लाख ३५ हजारांच्या आसपास. तिचं नाव आलं नाही. कोड यादीत असता, तर आणखी दोन मार्च तिच्या वाट्याला आले असते. जानेवारी २०२५ मध्ये मुदत संपली, साठ दिवसांची सवलत वापरून ती मार्चमध्ये परत आली. तिच्या कामात कसलीही कसर नव्हती, हे मी तिच्या आईला कितीदा तरी सांगितलं. वहिनींना ते पटायला वेळ लागला. गावात विचारणारे एकच विचारायचे, ‘परत का आली?’

तेव्हापासून नियम आणखी कडक झाले आहेत. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनं नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरची आकारणी आली. तिथंच शिकून तिथंच व्हिसा बदलणाऱ्यांना ती लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. निवडही आता पगाराच्या श्रेणीनुसार होते. सर्वात वरच्या श्रेणीची नोंद चार वेळा धरली जाते, सर्वात खालची एकदा. नुकतंच शिकून बाहेर पडलेलं पोर साहजिकच खालच्या श्रेणीत असतं.

हे सगळं हप्त्यात बघा, कारण मला ते तसंच दिसतं. ४० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, दहा वर्षं. महिन्याला ५४ हजारांच्या आसपास हप्ता, शिकत असतानाचं व्याज वेगळंच. तीन वर्षं डॉलरमध्ये पगार मिळाला तर हे कर्ज बऱ्यापैकी उतरतं. एकच वर्ष मिळालं तर उरलेला हप्ता पुण्यातल्या सुरुवातीच्या पगारावर येतो, आणि तिथून बापाच्या दूध-भाजीच्या पैशावर. कर्ज मंजूर करताना बँक पदवी बघते, कोड बघत नाही. माझ्या नोकरीत तसा रकाना कधी नव्हता. तो असायला हवा, असं मी आता सांगत असतो.

दुसरे देश सोपे आहेत असं नाही, पण त्यांचं गणित वेगळं आहे. इंग्लंडमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं मिळतात, २०२७ पासून ती बहुतेकांसाठी अठरा महिने होणार आहेत. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने, पण बँकेत जर्मन भाषेशिवाय निभाव लागणं कठीण.

पुतणी आता खराडीत एका परदेशी बँकेच्या कार्यालयात आहे. मुलाखतीत तिला सर्वात जास्त प्रश्न त्या दहा आठवड्यांच्या कामावर विचारले गेले. चाकणची कोंडी नसेल तर शनिवारी वेळेत घरी येते आणि माझ्याकडच्या फायली आम्ही दोघं बसून बघतो. विद्यापीठाला पाठवायचं पत्र तीच लिहून देते. अभ्यासक्रमाचा कोड कोणता, तो स्टेम यादीत आहे का, पहिल्या उन्हाळ्यात सीपीटी मिळते का, त्यासाठी किती क्रेडिटची फी पडते, गेल्या वर्षीच्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना इंटर्नशिप मिळाली. उत्तर लेखी मागायचं, फोनवर ऐकून सोडायचं नाही.

सध्या ओतूरच्या एका मुलीची फाईल आहे. कांद्यावर चालणारं घर, आणि तारणाला आळेफाट्याचा मामाचा एनए प्लॉट. दोन विद्यापीठांचे प्रवेश हातात आहेत, दोन्ही फायनान्सचे. स्वस्त असलेल्याचं उत्तर आलं, ५२.०८०१. दुसरं वर्षाला सहा लाखांनी महाग आहे, त्याच्या उत्तराची वाट बघतो आहोत. तोवर प्लॉटचे कागद बँकेत द्यायचे नाहीत, असं मामांना सांगितलं आहे.