वेब विकसकाची कारकीर्द : बदलणारी साधने, टिकणारे ज्ञान

प्रस्तावना

वेब तंत्रज्ञान हा विषय शिकवायला घेतला की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो : "सर, हे शिकलेलं पाच वर्षांनी चालेल का?" प्रश्न रास्त आहे. तुम्ही आज विशीत आहात, म्हणजे नोकरीची पस्तीसेक वर्षे तुमच्यापुढे आहेत. या क्षेत्रातील बहुतेक साधनांचे आयुष्य त्याहून बरेच कमी असते. या पाठात आपण एक साधे काम घेऊ, ते वेगवेगळ्या काळात कसे केले गेले ते पाहू आणि त्यावरून काय बदलते व काय टिकते हे समजून घेऊ.

एकच काम, पाच टप्पे

काम असे : परीक्षेचा नोंदणी अर्ज. विद्यार्थ्याने नाव व ईमेल भरायचा. ती माहिती तपासून डेटाबेसमध्ये साठवायची. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. समजा, एक विकसक १९९८ साली या क्षेत्रात आली आणि तिला हे काम मिळाले.

१. सुरुवातीला ती एचटीएमएलमध्ये अर्ज आणि सर्व्हरवर पर्ल भाषेतील प्रोग्रॅम लिहिते. ईमेल चुकला, तर ते सर्व्हरवर गेल्यावरच कळते. पूर्ण पान पुन्हा येते. डायल-अप जोडणीवर विद्यार्थी ताटकळत बसतो.

२. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी तयार केली होती. ती वापरून आपली विकसक ईमेल ब्राउझरमध्येच तपासू लागते. मात्र नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर यांचे वागणे वेगळे असल्याने काही कोड दोनदा लिहावा लागतो.

३. पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याच्या पद्धतीला २००५ मध्ये 'एजॅक्स' हे नाव मिळाले. "हा ईमेल आधीच नोंदलेला आहे" असे आता टाइप करतानाच सांगता येते. २००६ मध्ये आलेली जेक्वेरी ब्राउझरमधले फरक झाकते.

४. २००७ मध्ये आयफोन आला. तोच अर्ज लहान पडद्यावरही नीट दिसायला हवा, ही अपेक्षा पुढे नेहमीची झाली. २०१४ मध्ये एचटीएमएल ५ अधिकृत मानक झाले आणि ईमेलची प्राथमिक तपासणी ब्राउझर स्वतःच करू लागला. जेक्वेरीने सोपी केलेली बरीच कामे ब्राउझरमध्येच आली.

५. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या रिअ‍ॅक्टमुळे अर्जाकडे घटक आणि त्यांची स्थिती अशा रीतीने पाहिले जाऊ लागले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने मागताक्षणी असा अर्ज लिहून देतात.

काय बदलले नाही?

पाचही टप्प्यांत ब्राउझर एचटीटीपीने विनंती पाठवतो आणि सर्व्हर उत्तर देतो. पाचही टप्प्यांत सर्व्हरवरची तपासणी आवश्यकच राहते, कारण ब्राउझरला वगळून कोणीही थेट विनंती पाठवू शकतो. साधनाने लिहून दिलेल्या अर्जात ही तपासणी आहे की नाही, हे ज्याला एचटीटीपी समजते तोच पाहील. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले संबंधात्मक प्रारूप आजही असंख्य डेटाबेसचा पाया आहे. वापरकर्त्याने दिलेला मजकूर एसक्यूएल आज्ञेत जसाच्या तसा जोडू नये, हा नियमही तोच आहे.

आता नावाचा रकाना पाहा. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर अनेकदा विशिष्ट फाँटच्या संकेतांत साठवला जाई. फाँट बदलला की नावाच्या जागी भलतीच चिन्हे दिसत. शोध आणि अकारविल्हे मांडणी बिघडे. युनिकोडने अक्षराचा संकेत आणि त्याचे दिसणे वेगळे केले. ही कल्पना ज्यांना समजली होती, त्यांना जुना मजकूर नव्या संकेतांत आणता आला. तरीही विषय संपलेला नाही. 'स्नेहल' हे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये त्याचे सहा संकेतबिंदू होतात आणि यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइट. "नाव जास्तीत जास्त पंधरा" अशी मर्यादा घालणाऱ्याने पंधरा काय, हे आधी ठरवायला हवे. नाही तर स्नेहलचा अर्ज नाकारला जाईल आणि कारण कोणालाच उमगणार नाही.

फ्लॅशचा धडा

१९९६ पासून बाजारात असलेल्या फ्लॅशवर अनेकांनी कारकीर्द उभी केली. आयफोनवर ते चालू द्यायचे नाही, अशी भूमिका स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० च्या खुल्या पत्रात मांडली. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने त्याचा आधार थांबवला. उलट १९९१ सालच्या पहिल्या संकेतस्थळाचे पान आजच्या ब्राउझरमध्येही उघडते. फ्लॅश एका कंपनीच्या मालकीचे होते. वेबचे तंत्रज्ञान सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांसाठी खुले केले. फ्लॅशची केवळ बटणे पाठ असणाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ज्यांनी त्यातील अ‍ॅक्शनस्क्रिप्ट नीट शिकली होती त्यांचे तसे झाले नाही. ती आणि जावास्क्रिप्ट दोन्ही एकाच ईसीएमएस्क्रिप्ट मानकावर बेतलेल्या असल्याने त्यांना पुढची वाट सोपी गेली.

नवे साधन शिकताना

नोकरीच्या जाहिरातीत साधनाचेच नाव असते. त्यामुळे एखादे प्रचलित साधन चांगले आले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण शिकताना तीन प्रश्न विचारा : हे साधन कोणती अडचण सोडवते? त्याच्या खाली कोणते मानक आहे? ते उद्या बंद पडले तर माझ्याकडे काय उरेल?

विशीत रात्री जागून नवे साधन आठवड्यात शिकता येते. चाळिशीत घर, मुले आणि आईवडिलांचे दवाखाने यांतून तेवढी सवड मिळत नाही. त्या वयात उपयोगी पडते ती पायाची समज, कारण तिच्यामुळे नव्या साधनात शिकायचे फारच थोडे उरते. तो पाया घालायला आजच्याइतका मोकळा वेळ पुन्हा क्वचितच मिळेल.

स्वाध्याय

१. वरील अर्जातील कोणत्या तपासण्या ब्राउझरमध्ये आणि कोणत्या सर्व्हरवर असाव्यात? कारणे द्या.
२. तुमचे स्वतःचे नाव देवनागरीत लिहून त्यातील संकेतबिंदू आणि बाइट मोजा.
३. तुम्ही सध्या शिकत असलेले एक साधन घ्या आणि वरील तीन प्रश्नांची उत्तरे लिहा.