दोन कायदे गिरवलेला मुलगा

मदरशात जाणाऱ्या मुलाच्या हातात पहिल्यांदा येतो तो कायदा. अलिफ, बे, ते ओळखता आल्याशिवाय कुरआन शरीफ वाचता येत नाही. तबल्यातही ‘कायदा’ असतो. ठरावीक बोलांची ती बांधणी घोटल्याशिवाय हात तयार होत नाही. शब्द एकच, अरबीतून आलेला. मरहूम उस्ताद झाकीर हुसेन यांनी बालपणी हे दोन्ही कायदे गिरवले.

त्यांचा जन्म ९ मार्च १९५१ चा, मुंबईचा. बालपण माहीममध्ये गेले. वालिद उस्ताद अल्लारखा मूळचे जम्मूकडचे, पंजाब घराण्याचे तबलानवाज. ते मुलाला पहाटे तीनच्या सुमारास उठवून बोलांची तालीम देत. मग मदरसा, त्यानंतर सेंट मायकेल शाळा. तिथे चर्चमधली प्रार्थनाही कानी पडे. अम्मी बावी बेगम यांना मात्र वाटे, मुलाने शिकावे, तबल्यावर पोट भरू नये.

१९७० मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. लोक त्यांना तबलावादक म्हणून ओळखतात, पण ते संगीतकारही होते. विस्मृतीत चाललेल्या एका उर्दू शायरावरचा ‘मुहाफिज’ आणि दंगलीच्या पार्श्वभूमीवरचा ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’ या चित्रपटांचे संगीत आठवावे. २०१५ मध्ये त्यांनी तबला आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांच्यासाठी ‘पेशकार’ ही रचना केली. मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने ती सादर केली, २०१९ मध्ये ब्रिटनमध्येही. २०२३ मध्ये पद्मविभूषण मिळाले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी. त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचा इंतकाल झाला.

गाणे-बजावणे जायज की नाही, यावर आपल्या घराघरांत मतभेद आहेत. तो फैसला आलिमांचा. शिक्षक म्हणून मला त्यांच्या आयुष्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तबल्याच्या मैफलीत पेशकार आधी येतो आणि कायदा नंतर. शिकताना क्रम उलटा असतो. आज मुलांना मोबाइलमुळे पेशकारच आधी दिसतो: टाळ्या, बक्षिसे, नाव. त्यामागची पहाट दिसत नाही. आणि आपणही निकालाच्या दिवशी गुण विचारतो. रोजचा धडा कितीदा गिरवला, हे क्वचितच विचारतो.

मूल हाफिज होवो, डॉक्टर होवो की सुतार, त्याच्या कामाचाही एक कायदा असतो. तो गिरवून घ्यायला पहाटे उठणारे कुणीतरी घरात हवे.