फूटपाथवर कायदा कुणाचा? परदेशी रक्षक आणि निदर्शकांचे हक्क

१६ मे २०१७. व्हाइट हाउसमधली भेट आटोपून तुर्कस्तानचे अध्यक्ष रेसेप तय्यिप एर्दोगान वॉशिंग्टनमधल्या आपल्या राजदूताच्या निवासस्थानी आले. शेरिडन सर्कल या चौकातल्या त्या घरासमोर जेमतेम वीसेक माणसं झेंडे आणि भोंगे घेऊन उभी होती. कुर्द, आर्मेनियन आणि त्यांच्या बाजूने आलेले काही अमेरिकन. थोड्या वेळापूर्वी त्यांची एर्दोगान-समर्थकांशी झटापट झाली होती आणि पोलिसांनी मध्ये पडून दोन्ही गट वेगळे केले होते. पुढचं सारं व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या तुर्की सेवेने टिपलेल्या चित्रफितीत आहे. अध्यक्षांची काळी गाडी येऊन थांबते. एक सुरक्षा अधिकारी वाकून गाडीतल्या माणसाशी काही बोलतो. काही क्षणांतच काळे सूट घातलेले रक्षक पोलिसांची रांग ओलांडून निदर्शकांवर तुटून पडतात. खाली पडलेल्या माणसांना लाथा बसतात, एका बाईची मान मागून आवळली जाते. अध्यक्ष गाडीतून उतरतात, तिकडे बघतात आणि आत जातात.

अशा प्रसंगानंतर सर्वात आधी ऐकू येतं ते हे: ‘वकिलातीची जागा म्हणजे त्या देशाचीच भूमी, तिथे त्यांचाच कायदा.’ चांगले शिकलेले लोकही हे ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात वकिलातीची जमीन यजमान देशाचीच राहते. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने एवढंच ठरवलं की राजदूताच्या परवानगीशिवाय यजमान देशाच्या पोलिसांनी वकिलातीत शिरायचं नाही. त्याच कराराचं ४१ वं कलम सांगतं की संरक्षण मिळालेल्या प्रत्येकाने यजमान देशाचे कायदे पाळायचे आहेत. आणि फाटकाबाहेरचा फूटपाथ तर कुठल्याच अर्थाने वकिलातीचा नसतो. शेरिडन सर्कलला मारहाण झाली ती सार्वजनिक जागेत, अमेरिकेच्या कायद्याखाली.

व्हिएन्ना करारातलं २२ वं कलम मात्र नीट वाचायला हवं, कारण निदर्शनं दडपू पाहणारे त्याचाच आधार घेतात. वकिलातीची शांतता भंगू नये आणि तिच्या प्रतिष्ठेला धक्का लागू नये याची काळजी यजमान देशाने घ्यायची, असं हे कलम म्हणतं. प्रतिष्ठा जपायची म्हणजे विरोधी फलकही नकोत का? वॉशिंग्टन शहराच्या एका जुन्या कायद्याने तोच अर्थ काढला होता. वकिलातीपासून ५०० फुटांच्या आत त्या सरकारची बदनामी करणारा फलक दाखवायला बंदी होती. १९८८ मध्ये ‘बूस विरुद्ध बॅरी’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. वकिलातीच्या सुरक्षेला खरोखर धोका असेल तर जमाव हटवण्याचा पोलिसांचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला. परदेशी सरकारला फलकावरचा मजकूर झोंबतो, हे मात्र बंदीला पुरेसं कारण नाही. माझ्या मते या विषयातली सर्वात महत्त्वाची रेषा हीच आहे. पाहुण्याच्या जिवाची काळजी घेणं यजमानाचं कर्तव्य आहे. त्याला टीका ऐकू येणार नाही याची तजवीज करणं त्यात येत नाही.

‘निदर्शकांनीच चिथावलं, आणि परवानगी तरी कुठे होती?’ हा पुढचा आक्षेप. तुर्की वकिलातीने नेमकं हेच म्हटलं: निदर्शनं विनापरवाना आणि चिथावणीखोर होती, जमलेल्या समर्थकांनी स्वसंरक्षण केलं. शांततेने एकत्र जमण्याचा हक्क नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २१ व्या कलमात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२० मध्ये त्याचा अर्थ सविस्तर मांडला. आगाऊ सूचना दिली नाही एवढ्यावरून जमाव बेकायदा ठरत नाही आणि दोघा-चौघांनी हात उगारला म्हणून बाकीच्यांची शांतता संपत नाही, असं समितीने स्पष्ट केलं. हा हक्क फक्त नागरिकांचा नाही, स्थलांतरित आणि आश्रय मागणारेही त्यात येतात, हेही तिथेच सांगितलं आहे. हे महत्त्वाचं, कारण वकिलातीसमोर उभे राहणारे बहुधा त्याच देशातून बाहेर पडलेले लोक असतात.

आता सर्वात पक्का रुजलेला समज: ‘राजनैतिक संरक्षण आहे ना, मग काहीच करता येत नाही.’

संरक्षण माणसाला अटकेपासून आणि खटल्यापासून वाचवतं. त्याने केलेला गुन्हा त्यामुळे पुसला जात नाही. राष्ट्रप्रमुखाला स्वतःला पदावर असताना जवळजवळ पूर्ण संरक्षण असतं. दौऱ्यावर सोबत आलेल्या रक्षकांना ते किती, यावर कायदेपंडितांत एकमत नाही. शेरिडन सर्कलला दोन रक्षकांना ताब्यात घेतलं आणि थोड्या वेळाने सोडून दिलं, ते मायदेशी परतले. वर तुर्कस्ताननेच अमेरिकेच्या राजदूताला बोलावून रक्षकांना मिळालेल्या वागणुकीचा निषेध नोंदवला. तरी प्रकरण तिथे मिटलं नाही. ६ जूनला अमेरिकी प्रतिनिधिगृहाने ३९७ विरुद्ध शून्य मतांनी हल्ल्याचा निषेध केला. ऑगस्टमध्ये ग्रँड ज्युरीने १९ जणांवर आरोप ठेवले, त्यांत १५ तुर्की सुरक्षा अधिकारी होते. एर्दोगान यांच्या रक्षकांना अमेरिकी पिस्तुलं विकण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत १५ पैकी ११ अधिकाऱ्यांवरचे आरोप फिर्यादी पक्षाने मागे घेतले. शेवटचे मागे घेतले त्याच आठवड्यात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रेक्स टिलरसन अंकाराला गेले होते. तुरुंगात गेले ते अमेरिकेत राहणारे दोन समर्थक, प्रत्येकी एक वर्ष आणि एक दिवसाच्या शिक्षेवर. ज्यांनी लाथा घातल्या त्या रक्षकांपैकी कुणीही अमेरिकी न्यायालयात उभं राहिलं नाही. मला हे अजूनही सलतं.

फौजदारी वाट अशी अडली तरी जखमींनी दिवाणी वाट धरली. त्यांनी थेट तुर्कस्तान सरकारवर दावा लावला. सरकारचा बचाव होता की अध्यक्षांचं रक्षण कसं करायचं हा सार्वभौम निर्णय आहे, त्याची छाननी परक्या न्यायालयाला करता येणार नाही. ‘रक्षकांना बळ वापरण्याचा हक्क असतोच’ हा सर्वसामान्यांचा समजही याच जातीचा. न्यायालयाने तो अर्धा मान्य केला: धोका दिसला तर अध्यक्षांना वाचवण्यासाठी रक्षक बळ वापरू शकतात. पण फूटपाथवर उभ्या असलेल्या, पांगू लागलेल्या आणि खाली पडलेल्या माणसांना मारण्यात कसलं रक्षण? २०२० मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तुर्कस्तानची सार्वभौम संरक्षणाची सबब फेटाळली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला आणि दावा पुढे चालवण्याची वाट मोकळी झाली.

ब्रिटनने याहून भीषण प्रसंग पाहिला आहे. १७ एप्रिल १९८४ रोजी लंडनमध्ये लिबियाच्या वकिलातीतून बाहेरच्या निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांत बंदोबस्तावरची २५ वर्षांची पोलीस शिपाई इव्होन फ्लेचर मारली गेली. अकरा दिवसांच्या वेढ्यानंतर वकिलातीतले सगळे लोक देशाबाहेर पाठवले गेले. खुनाचा खटला आजवर उभा राहिला नाही. तिच्या शेजारी असलेल्या सहकाऱ्याने अनेक वर्षांनी केवळ एक पौंड भरपाई मागत दिवाणी दावा लावला. २०२१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सालेह इब्राहिम माब्रुक या लिबियन माणसाला तिच्या मृत्यूबद्दल संयुक्तपणे जबाबदार धरलं.

मँचेस्टरमध्ये १६ ऑक्टोबर २०२२ ला चिनी वाणिज्य दूतावासासमोरच्या हाँगकाँगच्या एका निदर्शकाला फाटकाच्या आत ओढून मारलं गेलं आणि पोलिसाने आत शिरून त्याला बाहेर काढलं. महावाणिज्यदूतांनी दूरचित्रवाणीवर त्याचे केस ओढल्याचं कबूल केलं, वर ते आपलं कर्तव्य होतं असंही म्हटलं. ब्रिटनने सहा जणांचं संरक्षण चौकशीसाठी काढून घ्या असं चीनला सांगितलं, मुदत दिली, आणि मुदत सरण्याआधी सहाही जण मायदेशी परतले. शिक्षा झाली नाही. पण संरक्षण सोडायला लावणं, नाही सोडलं तर अधिकाऱ्याला परत पाठवणं, ही साधनं यजमान सरकारच्या हाती असतातच. ती वापरायची की मैत्रीच्या नावाखाली कपाटात ठेवायची, हा निर्णयही त्याचाच.

असं काही दिल्लीत किंवा मुंबईत घडलं तर? शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आपल्या घटनेच्या कलम १९ ने नागरिकांना दिला आहे आणि मारहाणीबद्दल पोलिसांत गुन्हा नोंदवता येतो. परदेशी सरकारवर दावा लावायचा तर मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ आडवं येतं. केंद्र सरकारची, त्याच्या सचिवाने लेखी प्रमाणित केलेली संमती असल्याशिवाय आपली न्यायालयं असा दावा चालवू शकत नाहीत. ती संमती कधी देता येते तेही कायद्याने ठरवून टाकलं आहे: त्या देशाने आधी इथे दावा लावला असेल, तो इथे व्यापार करत असेल, वादातली स्थावर मालमत्ता त्याच्या ताब्यात असेल, किंवा त्याने स्वतःहून हे संरक्षण सोडलं असेल तर. फूटपाथवर मार खाल्लेला निदर्शक या यादीत बसत नाही. शेरिडन सर्कलच्या जखमींना तुर्कस्तानला न्यायालयात खेचण्यासाठी आपल्या सरकारची परवानगी मागावी लागली नव्हती. ही तरतूद बदलण्याची मागणी आपल्याकडे व्हायला हवी, निदान इथल्या रस्त्यावर इथल्या माणसाला झालेल्या शारीरिक इजेपुरती.