ठोकणारं इंजिन आणि जाड ऑइलचा उतारा

"काका, काळजी करू नका. जरा जाड ऑइल टाकतो, आवाज बसेल."

जुन्या गाडीचं इंजिन ठोकायला लागलं की हे वाक्य कुठेही ऐकायला मिळतं. गॅरेजवाला सांगतो, शेजारी सांगतात, पेट्रोल पंपावर हवा भरायला थांबलेला अनोळखी माणूसही बॉनेटमध्ये डोकावून हेच सांगतो. मला या सल्ल्याचा राग येतो तो आवाज खरोखर बसतो म्हणून. महिना-दोन महिने गाडी शांत होते, मालक खूश होतो आणि पुढच्या चार जणांना तोच उपाय सांगतो. आत मात्र झीज चालूच असते, आणि तिची खबर देणारी एकमेव गोष्ट आपण आपल्या हातांनी बंद केलेली असते.

आवाज का बसतो, हे आधी बघू. कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक क्रँकशाफ्टला धरून असतं आणि दोघांच्या मधे बेअरिंगचे पातळ शेल असतात, म्हणजे पोलादी पाठीवर मऊ मिश्रधातूचा थर दिलेल्या दोन अर्धगोल पट्ट्या. क्रँक आणि शेल यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी फट ठेवलेली असते. इंजिन चालू असताना क्रँक या फटीतल्या तेलावर तरंगतो, धातूला धातू लागत नाही. शेल झिजले की फट वाढते, तेल बाजूने निसटतं, प्रेशर पडतं आणि पिस्टनच्या प्रत्येक धक्क्याला रॉड क्रँकवर आपटतो. हाच तो खोल, जड "ठक-ठक" आवाज. जाड तेल त्या वाढलेल्या फटीतून सावकाश निसटतं, त्यामुळे आपटणं मऊ होतं. फट मात्र आहे तेवढीच राहते. झिजलेला थर तेलाने परत येत नाही.

उलट बाजूही आहे. तेलाच्या ग्रेड ठरवणाऱ्या एसएई जे300 या मानकानुसार 100 अंश सेल्सियसला 30 ग्रेडच्या तेलाचा दाटपणा 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक असतो, 50 ग्रेडचा 16.3 ते 21.9. म्हणजे 30च्या जागी 50 घातलं की गरम इंजिनातही तेल जवळजवळ पावणेदोन पट दाट झालं. सकाळी थंड इंजिन सुरू करताना हे दाट तेल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं. ऑइल पंपावर दाब वाढला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेलाचा काही भाग बेअरिंगकडे न जाता सरळ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात, परत पडतो. प्रेशरचा काटा वर दिसतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण तो काटा तेलाला होणारा अडथळा मोजतो. बेअरिंगला किती तेल पोचलं, हे त्यावरून कळत नाही.

जाड तेल नेहमीच चूक, असं मी म्हणत नाही. कार्ब्युरेटरच्या काळातल्या आपल्याकडच्या अनेक गाड्यांना 20डब्ल्यू-40 हेच तेल चालायचं. गाडीच्या पुस्तिकेत हवामानानुसार ग्रेडचा तक्ता असतो. त्या तक्त्यात बसेल ते तेल बिनधास्त घाला. तक्त्याबाहेरचं तेल, तेही आवाज दाबायला, हे मात्र करू नका. सेकंडहँड गाडी विकताना हे सर्रास होतं आणि ही सरळ फसवणूक आहे. नवा मालक पहिल्या सर्व्हिसिंगला योग्य ग्रेडचं तेल घालतो, आठवड्यात इंजिन ठोकायला लागतं आणि दोष येतो बिचाऱ्या नव्या तेलावर.

मग करायचं काय? आधी डिपस्टिक काढा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. काडी पुसून परत घाला आणि मग बघा. जुनी इंजिनं तेल पितात आणि लहान इंजिनात तेल मुळातच बेताचं असतं. पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली असेल तर वळणावर पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि वरच्या व्हॉल्व्हच्या टॅपेटपासून खालच्या बेअरिंगपर्यंत सगळंच वाजायला लागतं.

पातळी ठीक असेल तर आवाज कधी येतो, त्याकडे लक्ष द्या. थंड इंजिनात जास्त आणि गरम झाल्यावर कमी होणारा आवाज बहुधा पिस्टनचा. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमधली त्याची ढिलाई कमी होते. गरम झाल्यावर वाढणारा आवाज बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त, कारण तेल पातळ होतं. गाडी उभी असताना इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांपर्यंत नेऊन ॲक्सिलरेटर सोडला आणि नेमका तेव्हा ठोका घुमला, तर संशय रॉडवर. बारीक, कोरडी टिकटिक असेल तर टॅपेट. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. आयडलला क्रँक 800 फेरे घेत असेल तर एका टॅपेटचा ठोका मिनिटाला 400 वेळा पडतो. सवयीच्या कानाला ही संथ लय लगेच ओळखू येते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तरी हुबेहूब अशीच टिकटिक येते आणि त्यापायी उगाच टॅपेट सेटिंगचे पैसे जातात.

जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. पद्धत पक्की आहे, फक्त फिरणारा पट्टा आणि पंखा सांभाळा. टोक व्हॉल्व्ह कव्हरवर ठेवल्यावर आवाज स्पष्ट आला तर दोष वर, चेंबरजवळ आला तर खाली. त्यापुढची परीक्षा डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत होते. मारुती 800चं उदाहरण घ्या. डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या या गाडीत 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन होतं. एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढून तिचं टोक बॉडीला टेकवायचं. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका मऊ पडतो, त्याच सिलिंडरचा रॉड किंवा पिस्टन दोषी, कारण जाळ बंद झाल्यावर त्याच्यावरचा भार उतरतो. टॅपेटचा आवाज या परीक्षेत बदलत नाही. प्लगवर थेट कॉइल बसवलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांवर मात्र हा प्रयोग करू नका.

संशय बेअरिंगवर आला तर तेल काढताना ते पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात घ्या आणि उन्हात धरून हलवा. काळ्या तेलात सोनेरी किंवा चंदेरी चमक फिरताना दिसली तर ते शेल आहेत. लोहचुंबक फिरवून बघा. लोखंडाचे कण चिकटतील, शेलचे तांब्या-ॲल्युमिनियमचे कण चिकटणार नाहीत. फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडल्या तर याहून स्पष्ट दिसतं. ही सगळी तपासणी इंजिन न खोलता होते. म्हणूनच थेट "इंजिन खोलावं लागेल" म्हणणारा मिस्त्रीही मला तितकाच खटकतो. दोष टॅपेटचा असेल तर फिलर गेज आणि पाना एवढ्यावर काम भागतं.

आता घाटातला आवाज. खंबाटकी घाट चढताना टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो, त्याचा बेअरिंगशी संबंध नाही. सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच स्वतःहून पेटतं, त्याचा हा धक्का. याच आवाजावर उपाय शोधताना जनरल मोटर्समधल्या थॉमस मिजली यांना 1921 मध्ये पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची युक्ती सापडली. त्या शिशाने जगभर मुलांच्या रक्तात विष कालवलं. भारतात ते 2000 साली थांबलं, आणि अल्जीरियातला शेवटचा साठा संपल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2021 मध्ये जग शिसेयुक्त पेट्रोलमधून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. आज घाटात हा आवाज आला तर खालच्या गिअरमध्ये या, मग इग्निशन टायमिंग तपासा, सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन बघा. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल इथे मदत करतं. बेअरिंग ठोकत असेल तर त्याच पेट्रोलचा काडीचाही उपयोग नाही.

आणखी काही समज. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे इंजिन ठोकतं म्हणतात, पण इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त आहे. जुन्या रबरी नळ्यांना आणि कार्ब्युरेटरला त्याचा त्रास होतो, तो प्रश्न वेगळा. ऑइलचा लाल दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, हेही खरं नाही. तो दिवा पातळी दाखवत नाही, आणि प्रेशर अगदी तळाला गेल्याशिवाय पेटत नाही. तेल काळं पडलं म्हणजे खराब झालं, असंही नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

शेवटचा समज सर्वांत महाग पडतो. "आवाज येतोय, पण गाडी पळतेय ना, दिवाळीनंतर बघू." बेअरिंगचा ठोका पक्का झाला की गाडी टो करूनच न्यावी. वेळेत चेंबर उतरवलं आणि क्रँकवर ओरखडे नसतील तर नवे शेल घालून काम भागतं. उशीर झाला तर क्रँक ग्राइंड करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर अंडरसाइझ शेल घालावे लागतात. त्याहून उशीर झाला तर शेल जागेवरच फिरतो, रॉड तुटून ब्लॉकमधून बाहेर येतो आणि भंगारात दुसरं इंजिन शोधायची वेळ येते.