सामायिक फोल्डर ‘हरवतो’ तेव्हा : निदानाची शिस्त

२००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून महाराष्ट्रात ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या निरीक्षणांचे विश्लेषण करण्यात नवी दिल्लीच्या पुसा परिसरातील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचा सहभाग होता. तेव्हापासून कीड सर्वेक्षण हे जितके शेतातले, तितकेच संगणकावरचे काम झाले आहे.

या कामात वेळेला मोल असते. सलग तीन रात्री प्रति कामगंध सापळा गुलाबी बोंडअळीचे ८ पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे मानतात. ही नोंद सामायिक फोल्डरमध्ये अडकली, तर सल्ला पोहोचेपर्यंत अळी बोंडात शिरलेली असू शकते.

अलीकडे असे फोल्डर बहुधा ‘कंटेनर’मध्ये चालणाऱ्या सर्व्हरवर ठेवतात. कंटेनर म्हणजे एकाच संगणकातील स्वतंत्र कप्पा. त्याचे अंतर्गत जाळे वेगळे असते. फोल्डर कधी उघडतो, कधी नाही, अशी तक्रार असल्यास पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. पत्ता : संगणकाचे नाव शोधणारी हाक कंटेनरच्या अंतर्गत जाळ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. नावाऐवजी आयपी पत्ता वापरून फोल्डर उघडला, तर दोष नावाच्या नोंदीत आहे. सर्व्हरला स्थिर पत्ता द्यावा.

२. पोर्ट : विंडोज पद्धतीच्या एसएमबीसाठी ४४५ व एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीसाठी २०४९ हे पोर्ट खुले असावेत. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीला आणखी काही, अनेकदा बदलते, पोर्ट लागतात. म्हणून कंटेनरमध्ये चौथी आवृत्ती सोयीची ठरते.

३. परवानगी : लिनक्स वापरकर्त्याचे नाव नव्हे, तर क्रमांक पाहते. कंटेनरमधील व बाहेरील क्रमांक जुळले नाहीत, तर फाइल दिसते पण लिहिता येत नाही.

४. साठवण : बाह्य डिस्क जोडली जाण्यापूर्वीच कंटेनर सुरू झाला, तर फोल्डर रिकामा दिसतो आणि नव्या नोंदी भलत्याच जागी जातात. आधी डिस्क, मग कंटेनर, हा क्रम पक्का करावा. कंटेनरच्या आत साठवलेली माहिती तो काढून टाकताच नाहीशी होते. म्हणून ती बाहेरील कायम साठवणीत ठेवावी.

उपाय म्हणून एसएमबीची पहिली आवृत्ती मात्र सुरू करू नये. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ला तिच्यातील त्रुटीतूनच पसरला होता. ४४५ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटवरही खुला ठेवू नये.

एका वेळी एकच बदल करावा व त्याची नोंद ठेवावी. एकाच प्लॉटवर तीन औषधे एकदम फवारली, तर गुण कशाचा हे कळत नाही, येथेही तेच. फाइल सर्व्हरवर पोहोचल्याची खात्री होईपर्यंत क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी मूळ नोंद पुसू नये.