मिठावरील कर, भारतातील

मिठावरील कर, भारतातील : ब्रिटिश अंमलातील भारतात मिठाचे उत्पादन, आयात व विक्री यांवर आकारला जाणारा अप्रत्यक्ष कर. हा कर १९४७ मध्ये रद्द करण्यात आला. करदात्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात न वाढता उलट त्याच्या दारिद्र्याच्या प्रमाणात जाचक होणाऱ्या कराला अर्थशास्त्रात ‘प्रतिगामी कर’ म्हणतात. मिठावरील कर हे त्याचे ठळक उदाहरण होय. श्रीमंत व गरीब यांना लागणाऱ्या मिठात फारसा फरक नसतो. उष्ण हवेत अंगमेहनत करणाऱ्या मजुराला ते किंबहुना अधिकच लागते. मिठाला पर्यायी वस्तू नाही व त्याचा वापर एका मर्यादेखाली आणता येत नाही. कर वसूल करणाऱ्या सरकारला ज्या गुणांमुळे हा कर सोयीचा वाटला, त्याच गुणांमुळे तो सामान्य माणसाला चुकवता आला नाही.

मिठावर कर बसवण्याची प्रथा भारतात जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात लवणाध्यक्ष या अधिकाऱ्याचा उल्लेख आढळतो. तथापि ईस्ट इंडिया कंपनीने या कराला जे स्वरूप दिले ते वेगळे होते. वॉरन हेस्टिंग्ज याने १७७२ मध्ये बंगालमधील मिठाचा व्यवहार कंपनीच्या ताब्यात घेतला. १७८० पासून कंपनीचे मीठ-एजंट मलंगी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारागिरांकडून मीठ करवून घेऊ लागले. १७८८ पासून त्याची लिलावाने घाऊक विक्री होऊ लागली. लिलावात मोठा माल उचलून धरणारे कलकत्त्याचे धनाढ्य व्यापारी बाजारभाव चढा ठेवीत. त्यामुळे कर व नफा हे दोन्ही बोजे अखेर ग्राहकाच्याच माथी पडत. पुढे चेशर परगण्यातील मीठ-उत्पादकांनी लंडनमध्ये दडपण आणले आणि लिव्हरपूलहून येणाऱ्या मिठाला बंगालची बाजारपेठ मोकळी झाली. १८६०–७० या दशकापर्यंत बंगालमधील सरकारी मीठ-उत्पादन जवळजवळ बंद पडले. मलंगींचा व्यवसाय गेला, कर मात्र राहिला.

निरनिराळ्या प्रांतांतील कराचे दर वेगवेगळे असल्याने स्वस्त मीठ महाग प्रदेशात चोरून नेण्यास वाव होता. तो रोखण्यासाठी उभारलेली अंतर्गत जकातरेषा ही करवसुलीच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल. १८६९ मध्ये ही रेषा सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सु. २,३०० मैल (सु. ३,७०० किमी.) पसरली होती व तिच्यावर सु. १२,००० माणसे पहारा देत. तिच्या बऱ्याच मोठ्या भागात बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग इ. काटेरी झाडांचे उंच व दाट जिवंत कुंपण वाढवण्यात आले होते. या कुंपणाच्या लागवडीला १८६७ ते १८७० या काळात चालना देणारा जकात आयुक्त म्हणजे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच हा ह्यूम. सांभर सरोवरासह राजपुतान्यातील मिठाची उगमस्थाने संस्थानिकांशी करार करून सरकारने आपल्या नियंत्रणाखाली आणल्यावर या रेषेची गरज उरली नाही व १८७९ मध्ये ती मोडण्यात आली.

मुंबई इलाख्यात उरण, पेण, भाईंदर, वसईपासून दक्षिणेस शिरोड्यापर्यंत समुद्रकाठी मिठागरे होती, तर कच्छच्या छोट्या रणालगत खाराघोडा येथे सरकारी उत्पादन चाले. इलाख्यात १८३७ मध्ये दर मणाला (सु. ३७·३ किग्रॅ.) आठ आणे कर होता. १८४४ मध्ये तो एक रुपया करण्यात येताच सुरतेत दंगल उसळली व सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. पुढे मात्र तो टप्प्याटप्प्याने वाढून १८६९ मध्ये १ रु. १३ आणे झाला. वसुलीवर देखरेख ठेवण्यास अडचणीची अशी अनेक लहान आगरे १८७० नंतरच्या दशकात बंद करण्यात आली. त्यामुळे खाडीकाठच्या आगरी व इतर कुटुंबांचे उपजीविकेचे साधन गेले. या धोरणाची झळ ब्रिटिश हद्दीबाहेर गोव्यालाही लागली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहान्वये गोव्यातील मीठ-उत्पादनाचे नियंत्रण ब्रिटिशांकडे गेले. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळत. मिठागरवाल्यांना व ग्राहकांना मिळाली ती महागाई. हा तह १८९२ मध्ये संपुष्टात आला.

मिठावरील कराचा विचार केवळ त्याच्या दरावरून करणे अपुरे ठरते. तो वाढत असताना इतर कोणते कर कमी होत होते हे पाहिले, म्हणजेच राज्यकर्त्यांच्या धोरणाचा कल ध्यानात येतो. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन या वित्तसदस्याने १८६० मध्ये प्राप्तिकर आणला. यूरोपीय व्यापारी व अधिकारी, तसेच वजनदार एतद्देशीय जमीनदार व व्यापारी या सर्वांनी त्यास विरोध केला. १८६५ मध्ये तो बंद झाला, १८६९ मध्ये पुन्हा आला व १८७३ मध्ये पुन्हा गेला. दुसरीकडे, इंग्लंडहून येणाऱ्या सुती कापडावरील पाच टक्के आयात जकात मुंबईच्या गिरण्यांना अवाजवी संरक्षण देते, अशी तक्रार मँचेस्टरच्या कारखानदारांनी १८७४ पासून चालविली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने मार्च १८७९ मध्ये आपल्या कार्यकारी मंडळातील बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरील जकात उठवली. १८८२ मध्ये मीठ, मद्य यांसारखे अपवाद सोडून जवळजवळ सर्वच आयात जकाती रद्द झाल्या.

या दोन सवलतींच्या मधला काळ दख्खनच्या भीषण दुष्काळाचा (१८७६–७८) होता. ब्रिटिश मुलखात त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे मरण पावली. दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच, १८७८ च्या आरंभी, मुंबई व मद्रास या सर्वाधिक होरपळलेल्या इलाख्यांतील मिठावरील कर १ रु. १३ आण्यांवरून एकदम २ रु. ८ आण्यांवर नेण्यात आला. उत्तरेकडील चढे दर उतरवून सर्व देशात समानता आणावयाची आहे, असे वित्तसदस्य जॉन स्ट्रेची याचे समर्थन होते. उत्तरेत दर उतरलेही. परंतु उपाशी प्रांतांवर बोजा चढवून ही समानता साधली गेली, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी भावी दुष्काळांच्या तरतुदीसाठी व्यापारधंद्यांवर परवाना कर बसला. त्यातून सरकारी अधिकारी व वकील-डॉक्टरांसारखे व्यावसायिक वगळलेले होते. दुष्काळासाठी राखावयाची दीड कोटी रुपयांची वार्षिक तरतूदही अफगाण युद्धाच्या खर्चापुढे टिकली नाही.

कराचा भार नेमका कसा पडे हे पुढील हिशेबावरून स्पष्ट होईल. अडीच रुपये दराने एक किलोग्रॅम मिठामागे कराचाच एक आण्याहून थोडा अधिक भाग येई. पाच माणसांच्या कुटुंबास वर्षाला २५ किग्रॅ. मीठ लागते असे धरल्यास त्याला सु. २७ आणे कर भरावा लागे. रोज दोन आणे मिळवणाऱ्या व वर्षातून ३०० दिवस काम मिळणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ही तेरा-चौदा दिवसांची कमाई, म्हणजे वार्षिक मिळकतीच्या साडेचार टक्के होय. दरमहा ५०० रुपये पगाराच्या अधिकाऱ्याच्या घरातही मीठ साधारण तेवढेच लागे. त्याच्या बाबतीत हेच प्रमाण एका टक्क्याचा तिसावा हिस्साही भरत नाही. १८८६ मध्ये प्राप्तिकर कायमचा आला, तेव्हा या अधिकाऱ्याला रुपयामागे पाच पै, म्हणजे सु. २·६ टक्के कर पडू लागला. मजूर एकट्या मिठापोटी देत असलेल्या प्रमाणापेक्षा हा दरही कमीच होता. शिवाय १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न करमुक्त ठेवल्याने कायमधाऱ्याच्या प्रदेशातील बडे जमीनदार त्यातून सुटले. १८८२ मध्ये बहुतेक प्रांतांत दोन रुपयांवर उतरलेला मिठावरील कर ब्रह्मदेश जिंकण्याचा खर्च व रुपयाची घसरण या कारणांनी १८८८ मध्ये पुन्हा अडीच रुपये झाला. १९०० च्या सुमारास मिठाचे उत्पन्न प्राप्तिकराच्या सु. चौपट होते.

या कराचे परिणाम पैशापुरते मर्यादित नव्हते. गुरांना मीठ देणे शेतकऱ्याला परवडेनासे झाले. मासे खारवण्याचा किनाऱ्यावरील धंदा इतका अडचणीत आला, की सरकारलाच मद्रास व मुंबई इलाख्यांत खास आवारे उघडून कोळ्यांना तेथे करमुक्त मीठ पुरवावे लागले. खारी माती खरवडून घरापुरते मीठ काढणे हाही गुन्हा ठरला. समुद्राच्या पाण्यापासून उन्हात आपोआप तयार होणारा पदार्थ किनाऱ्यावरील माणसाला उचलता येऊ नये, यासाठी शिपाई ठेवावे लागत व त्या शिपायांचा पगारही अर्थात करातूनच निघे.

कराच्या समर्थकांचे मुख्य प्रतिपादन असे होते, की माणशी हा भार वर्षाला केवळ काही आण्यांचा आहे; तो थोडा थोडा व नकळत दिला जातो; आणि राज्याच्या खर्चात प्रत्येकाने काही वाटा उचलावा हे न्याय्यच आहे. गरिबाकडून घेतला जाणारा हा एकच कर आहे, असेही सांगण्यात येई. जमीनमहसूल, मुद्रांक शुल्क व मद्यावरील कर लक्षात घेता हे अखेरचे विधान टिकणारे नव्हते. कर नकळत दिला जातो यात मात्र तथ्य होते. प्राप्तिकर भरणाऱ्या मूठभरांना वृत्तपत्रे, सभा व संसदेतील मित्र उपलब्ध होते. मिठापोटी कर भरणाऱ्या कोट्यवधींना आपण नेमके काय भरतो हे कळण्याचीही सोय नव्हती. एतद्देशीय पुढाऱ्यांपैकीही काहींना प्राप्तिकर अधिक टोचत असे, ही गोष्ट नमूद करावयास हवी.

याला सणसणीत अपवाद होते. दादाभाई नौरोजी यांनी इंग्लंडमध्ये या कराविरुद्ध सातत्याने आवाज उठवला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळातील २६ मार्च १९०२ च्या आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात सरकारी शिलकीचे मर्म उघड केले. देश संपन्न झाल्याने नव्हे, तर कर गरजेहून अधिक घेतल्याने ही शिल्लक पडते, असे दाखवून त्यांनी मिठावरील कर उतरवण्याची मागणी केली. १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आला व प्राप्तिकराची किमान मर्यादा ५०० वरून १,००० रुपये झाली. १९०५ मध्ये तो दीड रुपया व १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्रत्येक कपातीनंतर मिठाचा खप वाढला. लोक तोपर्यंत गरजेपेक्षा कमी मीठ खात होते, याचा हा पुरावाच होता. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात हाच दोष अधिक मूलगामी रीतीने मांडला. संपत्ती जेथे साठली होती तेथे कर बसवण्याऐवजी तो प्रतिकार करू न शकणाऱ्या दुर्बलांवर लादला गेला, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, कर सव्वा रुपया झाला. १९२३ मध्ये तूट भरून काढण्यासाठी तो दुप्पट करण्याचा प्रस्ताव मध्यवर्ती विधानसभेने नाकारला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने आपल्या खास अधिकारात तो अमलात आणला. पुढच्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला. महात्मा गांधींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन याला लिहिलेल्या पत्रात व्हाइसरॉयचा दरमहा २१,००० रुपये पगार व भारतीयाचे रोजचे दोन आण्यांहूनही कमी सरासरी उत्पन्न यांची तुलना केली. दांडीयात्रेनंतर ६ एप्रिल रोजी त्यांनी कायदा मोडला. महाराष्ट्रात वडाळा येथील मिठागरांवर व मे महिन्यात शिरोडे येथे सत्याग्रह झाले. गुजरातेतील धारासणा येथे २१ मे रोजी सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालील निःशस्त्र सत्याग्रहींवर झालेल्या लाठीमाराच्या वार्ता जगभर पसरल्या. ५ मार्च १९३१ च्या गांधी-अर्विन करारान्वये किनाऱ्यावरील खेड्यांतील लोकांना घरगुती वापरासाठी मीठ गोळा करण्याची व बनवण्याची मुभा मिळाली, परंतु कर उठला नाही. उलट त्याच वर्षी त्यावर पंचवीस टक्के अधिभार बसला.

हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात हा कर रद्द करण्याचा प्रस्ताव होता व त्यानुसार १ एप्रिल १९४७ पासून तो संपुष्टात आला. मीठ-उद्योगाच्या देखरेखीचा व विकासाचा खर्च भागविण्यासाठी १९५३ मध्ये स्वतंत्र कायद्याने अल्पसा उपकर बसविण्यात आला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा मिठाचा समावेश शून्य दराच्या वस्तूंत करण्यात आला.