म्हाळसेचा पक्ष, बानूचा पक्ष

झी मराठी वाहिनीवर मे २०१४ ते एप्रिल २०१७ अशी जवळजवळ तीन वर्षे 'जय मल्हार' ही मालिका चालली. निर्मिती महेश कोठारे यांच्या संस्थेची. खंडोबाच्या भूमिकेत देवदत्त नागे, म्हाळसेच्या भूमिकेत सुरभी हांडे आणि बानूच्या भूमिकेत ईशा केसकर. आकाशातून अवतरणारे देव, मायावी दैत्य, तळपणारे खड्ग अशा अद्भुताची तीत रेलचेल होती. परंतु आमच्या मोर्शीत दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या गोष्टीवर वाद रंगत, ती दैत्यांची लढाई नव्हे. वाद एकच असे : बानूने यायला हवे होते की नको?

जैन कुटुंबांच्या मासिकात खंडोबाच्या मालिकेचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे पहिले उत्तर घड्याळात आहे. आपल्या घरांत संध्याकाळचे सात म्हणजे स्त्रियांची मोकळी वेळ. जेवणे सूर्यास्तापूर्वी उरकलेली, भांडी घासून पालथी घातलेली, आणि पुरुषमंडळी घाईने दोन घास खाऊन पुन्हा दुकानाच्या गादीवर गेलेली. नेमकी त्याच वेळी ही मालिका लागे. चंपाषष्ठीला शेजारच्या घरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, तरी वांगे बहुबीज म्हणून त्यास हात न लावणारी आमची आई सात वाजता दूरदर्शन संचासमोरची आपली खुर्ची मात्र कोणालाही देत नसे.

दुसरे उत्तर असे की, म्हाळसा ही व्यापाऱ्याची लेक. लोकपरंपरेप्रमाणे नेवाशाच्या तिम्मशेठ नावाच्या लिंगायत वाण्याच्या घरी ती वाढली आणि पालीला, सातारा जिल्ह्यात, पौषात तिचे लग्न लागले. ती आपल्या धर्माची नव्हे, हे खरे. पण तिजोरीच्या किल्ल्या कमरेला लावून वावरणारी, घरात कोण आले आणि किती खर्च झाला याचा हिशेब तोंडपाठ ठेवणारी स्त्री आपल्या बायकांना परकी वाटण्याचे कारण नव्हते. आई तिला "आपल्यातलीच" म्हणे. बानू ही मालेगावजवळच्या चंदनपुरीच्या धनगराची मुलगी. मेंढ्या, माळरान, उघड्यावरचा वाडा. थोडक्यात, भांडण दोन बायकांचे दिसत असले तरी ते दोन घरांचे होते, आणि त्यांतले एक घर आपल्या घरासारखे होते.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. सारीपाटाच्या डावात देव म्हाळसेशी हरला. पणाप्रमाणे त्याने बारा वर्षांचा वनवास पत्करला. वेष पालटून तो चंदनपुरीला गेला, बानूच्या बापाकडे मेंढरे राखायला राहिला आणि शेवटी तिच्याशी लग्न करून जेजुरीला परतला. फाशांनी घर मोडल्याची कथा आम्हा मोर्शीकरांना नवी नाही. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाच्या जलाशयाला नल-दमयंती सागर म्हणतात, आणि नळही फाशांपायी राज्य हरलेला. फरक इतकाच की, नळ हरला तेव्हा दमयंती त्याच्याबरोबर रानात गेली. इथे जिंकणारीच पत्नी होती, आणि ती घरी राहिली.

आमच्या घरातील दोन पक्षांपैकी म्हाळसेच्या पक्षाची पुढारी आई. वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. तिचे म्हणणे ठाम : "घर म्हाळसानं उभं केलं. आयत्या घरात दुसरीनं कायले यावं?" बानूच्या पक्षाचे पुढारीपण धुणेभांडी करायला येणाऱ्या बाईकडे होते. ती फरशी पुसता पुसता उत्तर देई : "आजी, बारा वर्सं त्याले भाकर कोनं घातली? म्हाळसाबाईनं तं डाव जिकून घराबाहेर काढलं त्याले." माझी पत्नी आईसमोर काही बोलत नसे. स्वयंपाकघरात मात्र ती बानूची बाजू घेई, हे मला फार उशिरा कळले. शाळेत जाणाऱ्या नातीला दोघींपेक्षा घोडा अधिक आवडे.

प्रारंभी मला हा पोरखेळ वाटे. बँकेतही जेवणाच्या सुट्टीत हाच विषय निघे, आणि रोखपाल व शिपाई यांचे दोन दिवस बोलणे बंद झाल्याचे मी पाहिले आहे. पुढे थोडे वाचन केल्यावर ध्यानात आले की, हा वाद वाहिनीने निर्माण केलेला नाही. तो तिला तयार मिळाला. म्हाळसा-बाणाईचे भांडण हा वाघ्या-मुरळींच्या गाण्यांचा जुना, आवडता विषय. बानूची कथा पोथ्यांपेक्षा या गाण्यांनी आणि धनगरांच्या ओव्यांनीच अधिक राखली. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या वाड्यांवर हिंडून त्यांच्या ओव्या टिपल्या. शिंपी समाजाची रंभाई, माळी समाजाची फुलाई अशा आणखीही राण्या लोकपरंपरा सांगते. एका देवाशी निरनिराळ्या समाजांनी सोयरीक जोडली, असा याचा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे ज्याला आपण सवतीमत्सर म्हणतो, तो बाजारपेठेतला वाणी आणि माळावरचा धनगर यांनी एकच दैवत आपापल्या घरचे मानण्याचा व्यवहार होता.

या व्यवहाराची नोंद जेजुरीच्या डोंगरावरच आहे. गडावर, मुख्य गाभाऱ्यात, देवाशेजारी म्हाळसा आहे. बाणाईचे देऊळ पायऱ्यांच्या वाटेवर, अर्ध्या डोंगरात. दोघींचे पटेना, म्हणून देवाने डोंगर वाटून दिला. वरचा अर्धा म्हाळसेचा, खालचा अर्धा बाणाईचा, असे सांगतात. आईला हे सांगितले तेव्हा ती विजयी मुद्रेने म्हणाली, "म्हनजे आत जागा नाहीच ना तिले!" बाईने लगेच हिशेब मांडला, "आजी, पन वर जानाऱ्याले तिच्याच दारावरून जा लागते."

मालिकेविषयी माझी तक्रार इथे आहे. डोंगराची ही वाटणी ज्यांनी केली, त्यांनी कोणा एकीला खोटे ठरवले नाही. मालिकेने मात्र तीन वर्षे रोजचा अर्धा तास भरण्यासाठी दोघींना आळीपाळीने रडवले आणि आळीपाळीने कपटी केले. प्रेक्षकही त्यात असे रमले की, ज्याने फासे टाकले आणि ज्याने दुसरे लग्न केले, त्याला जाब विचारण्याचे कोणालाच सुचले नाही. देवाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, आणि कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याची इच्छाही नाही. मी मालिकेतल्या नायकाविषयी बोलत आहे. आमच्या दोन्ही पक्षांत त्याच्याविरुद्ध एक मत पडले नाही.

आपल्या पुराणांत असा प्रसंग आहे, आणि तो व्यापाऱ्याच्याच घरातला आहे. आचार्य जिनसेनांनी शके ७०५ मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणातील चारुदत्त श्रेष्ठीची कथा आपण प्रवचनांत ऐकतो. चंपानगरीच्या भानुदत्त शेठचा हा मुलगा. घरी पत्नी मित्रवती असताना तो कलिंगसेनेची मुलगी वसंतसेना हिच्याकडे बारा वर्षे राहिला आणि सोळा कोटींचे धन गमावून बसला. धन संपताच कलिंगसेनेने त्याला बाहेर काढले. सप्तव्यसनांवरील प्रवचनात कथा बहुधा इथे थांबते, आणि ऐकणारे तरुण व्यापारी भांडवल बुडण्याचे भय घेऊन घरी जातात. पुराणातली कथा तिथे थांबत नाही. चारुदत्त परदेशी व्यापाराला गेला, अनेक संकटे भोगून परतला, तेव्हा त्याला कळले की, वसंतसेना आईचे घर सोडून त्याच्या घरी येऊन राहिली होती. तिने श्रावकाची व्रते घेतली होती आणि त्याच्या पाठीमागे त्याच्या आईची व पत्नीची ती सेवा करीत होती. चारुदत्ताने तिचा स्वीकार केला. बारा वर्षे इथेही आहेत. घरातली जागा मात्र वसंतसेनेने चारुदत्ताकडून मागून घेतली नाही. तो नसताना त्या दोघींच्या सेवेत राहून मिळवली. मित्रवतीला काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

त्याचे कारण माझ्या नोकरीत आहे. गाव, शाखा, वर्ष यांतले काहीच सांगत नाही. एका व्यापाऱ्याचे निधन झाले. पंधरा दिवसांनी त्यांची पत्नी आणि दोन मुलगे मुदत ठेवींची चौकशी करण्यास आले. एक वगळता सर्व पावत्यांवर पत्नीचे नामनिर्देशन होते. उरलेल्या एका पावतीवर दुसऱ्याच एका स्त्रीचे नाव निघाले. ती स्त्री आदल्याच आठवड्यात मूळ पावती आणि मृत्यूचा दाखला घेऊन येऊन गेली होती. बोलणे कमी, पदर डोक्यावर, जिल्ह्यातल्याच दुसऱ्या गावची.

मुलांचा संताप मी समजू शकत होतो. मी त्यांना नियम सांगितला, तो वाचकांनीही ध्यानात ठेवावा. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ झेडए प्रमाणे ठेवीदाराच्या मृत्यूनंतर बँक ठेवीची रक्कम नामनिर्देशित व्यक्तीला देते आणि तिथे बँकेची जबाबदारी संपते. त्या व्यक्तीची मालकी मात्र तेवढ्याने सिद्ध होत नाही. वारसांना आपला हक्क दिवाणी न्यायालयात मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने विमा पॉलिसीबाबत १९८४ मध्ये आणि बँक खात्याबाबत २०१० मध्ये हेच सांगितले आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपणा जैनांनाही लागू असल्याने पहिली पत्नी हयात असताना केलेले दुसरे लग्न मुळातच रद्दबातल, आणि अशा स्त्रीला पत्नी म्हणून वारसा नाही. तिला मुले असली, तर ती मात्र कायद्याने औरस ठरतात आणि पित्याच्या मालमत्तेत त्यांना वाटा असतो. कितीतरी सुखवस्तू घरांना हे शेवटचे वाक्य वकिलाच्या कार्यालयातच प्रथम ऐकू येते.

धाकटा मुलगा म्हणाला, "साहेब, सही खोटी असेल. तिनेच करून घेतली असेल." मी नामनिर्देशनाचा मूळ अर्ज काढून टेबलावर ठेवला. तोपर्यंत त्या बाई एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा लावला, अर्ज जवळ ओढला आणि बराच वेळ पाहिला. त्या स्त्रीचे नाव, पत्ता, वय सर्व काही शाईच्या लेखणीने, ठळक, वहीखात्याच्या वळणाच्या अक्षरात लिहिलेले होते. बाईंनी अर्ज परत माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "अक्षर त्यांचंच आहे." मग मुलांकडे न पाहता उठल्या आणि बाहेर जाऊन गाडीत बसल्या. मुलांनी पुढे दावा लावला नाही. का लावला नाही, हे विचारण्याचा अधिकार मला नव्हता.

ही हकीकत मी त्या दिवसांत घरी सांगितली, नावे वगळून. आई त्यावर काही बोलली नाही. मालिकेतल्या बानूला नावे ठेवणे तिने थांबवले, असेही नाही. मात्र एकदा बानू एकटीच जेजुरीच्या पायथ्याशी बसली आहे, असे काहीसे दृश्य चालू असताना ती मध्येच म्हणाली, "हिले माहेरी तरी जाऊ द्या म्हना." बाईने फडके पिळता पिळता माझ्या पत्नीकडे पाहिले.

मालिका संपल्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही आईला दहिगावला नेले. माळशिरस तालुक्यातले हे महावीर स्वामींचे अतिशय क्षेत्र. दर्शन झाले, पूजा झाली, आणि फलटण-नीरा मार्गे पुण्याकडे येताना वाटेत जेजुरी लागली. तिने स्वतःहूनच गाडी थांबवायला सांगितले. "देवदर्शन नव्हे, म्हाळसाचं घर पाह्याचं हाय," असे तिने आधीच स्पष्ट केले.

गडाला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. भंडाऱ्याने दगड पिवळे झालेले, दोन्ही बाजूंना दीपमाळा, आणि ऊन चढत चाललेले. दर दहा पायऱ्यांवर आई थांबे. बाणाईच्या देवळापाशी आलो, तेव्हा तिचे गुडघे पुढे जाईनात. पत्नी तिच्यापाशी थांबली. मी नातीला घेऊन वर गेलो, म्हाळसेचे घर पाहिले, आणि आईला सांगण्यासाठी जमेल तेवढे लक्षात ठेवले.

खाली उतरलो, तेव्हा आई बाणाईच्या ओट्यावर पाय पसरून बसली होती. शेजारी कोणी एक अनोळखी धनगर बाई बसली होती, आणि दोघी मेंढीच्या लोकरीचा भाव काय चालला आहे, यावर बोलत होत्या. मी वरचे वर्णन सुरू केले. आईने हाताने मला थांबवले. म्हणाली, "थांब, हिचं होऊ दे आधी."